नात बुधवारची

ता. १ जानेवारी १९८४, रविवार

लाडकीस,

तर गेल्या महिन्यात, त्या शनिवारी, पहिली आली ती मळ्यातली मंदा. मी चुलीवर कढई ठेवलेली, तुपात डिंक टाकलेला, आणि डिंक काय थांबतो होय कोणासाठी? फुलला की लगेच काढायचा, नायतर करपतो. तेवढ्यात ही दारात. "जमनाकाकी, हायस का गो?" आता समोर बसलेली दिसते ती मी नाय तर कोण, माझं भूत? मी म्हटलं, "नाय, मी पालघरला हाय, ही दुसरीच कोणी बसलीय." ती हसली नाय. तेव्हाच मला कळलं की ही कामाचं काहीतरी घेऊन आलीय. मंदा हसली नाय की समजावं, काम अडलंय.

तुला ठाऊकच हाय, एकोणीस वर्षं मी धर्माजीशेठच्या पानमळ्यात करंड्या भरते. एकोणीस वर्षांत सुट्टी म्हणून घेतली नाय. आमचे हे वारले तेव्हा तेरा दिवस बसले, पण ती काय सुट्टी म्हणायची? ही पहिली. सुनेचं बाळंतपण म्हणून आठ दिवस मागून घेतले. सून माहेरी, पालघरला. मी सोमवारी गेले, शनिवारी लाडवाचं सामान करायला घरी आले. लाडू करून रविवारी परत जायचं असा बेत. आणि ही दारात.

म्हणाली, सुरतेच्या लग्नाची चाळीस करंड्यांची मागणी आलीय, रविवारी संध्याकाळी बोईसरच्या गाडीत चढायला हव्यात. माझ्या जागी सुलूला बसवलेलं. तिच्या पहिल्या दहा करंड्या तिकडे उघडल्या तर पानं तापून काळी. मी म्हटलं, "मी काय करू? मी सुट्टीवर हाय." गेली. डिंक करपला तो करपलाच, अर्धा फेकला.

मग सुलू आली, रडत. "काकी, मी तुमी सांगितलं तसंच भरलं." मी विचारलं, पाणी किती शिंपडलंस? तर म्हणे अंदाजानं. अगो, अंदाज माझा, तो तुझ्या हातात कसा येणार? खाली केळीचं पान, त्यावर विड्याची पानं गोल लावायची, देठ बाहेर, टोकं आत, मधी मुठीएवढी वाट ठेवायची वाऱ्याला. पाणी जास्त झालं की पान कुजतं, कमी झालं की सुकतं. हे सांगून येत नाय. तुला मात्र सहा महिन्यांत आलं होतं. मी तेव्हा बोलले नाय, आता बोलते. तुझा हात माझ्यासारखा हाय.

ती गेली तर मळ्यातला गडी निरोप घेऊन. तो गेला तर कोण म्हणशील? धर्माजीशेठ स्वतः! आमच्या आळीत, सायकल हातात धरून. अख्खी आळी दारात. "जमनाबाई," म्हणतात, "दोन दिवस या. तुमच्या हाताशिवाय सुरतेला माझं नाव राहत नाय." लाडके, एकोणीस वर्षांत माझ्या हाताला कोणी नाव ठेवलं नाय, पण कोणी नावाजलंही नव्हतं. मी हात पुसले आणि गेले. शनिवार आणि रविवार, दोन दिवस. चाळीसच्या चाळीस भरल्या. एक पान काळं पडलं नाय म्हणून सुरतेहून निरोप आला.

आता नातीचं सांगते. काळी कुळकुळीत जावळं, आणि कपाळ आमच्या दिनानाथचं, अगदी तेच. दिनानाथ माझा झालेला तेव्हा सुईण म्हणाली होती, हे कपाळ सोसायटीचा चेअरमन होणार. झाला कारखान्यात फिटर. असो, कपाळाचा काय दोष. बुधवारी सकाळी नर्सने बाहेर आणून माझ्या हातात दिली तेव्हा तिने माझं बोट असं धरलं की सोडेना. घरात तिला तानी म्हणतो. मी दिवसभर कोणालाही धरून तिच्या गोष्टी सांगते. दांडीची कोळीण बोंबील घेऊन आली तर तिलाही सांगितल्या. ती म्हणाली, "आजी, माझा माल नासतोय." जा म्हटलं, नासू दे.

तू कशी हायस? भावाकडे तुमचं दोघांचं बरं हाय ना? तू मळ्यातून गेलीस तेव्हा मी शेडमधीच होते. बाहेर आले नाय. गुडघा दुखत होता.

तू आश्रमशाळेत चौथी केलीस, तू वाचशील. माझी दुसरी, तीपण अर्धी, तेव्हा अक्षराला हसू नको. पत्ता शाळेच्या गुरुजींचा घातलाय.

जमनाकाकी. आता आजी म्हणालीस तरी चालेल.

ता. ५ जानेवारी १९८४, गुरुवार

लाडके,

चार दिवस झाले. चार दिवसांत मनोरच्या पुढे पत्र जाऊन उत्तर यायचं नाय, हे मला कळतं. तरी पोस्टमन दिसला की मी उठते. आज तर तो म्हणाला, "आजी, तुमी उठू नका, तुमचं असलं तर मी हाक मारीन." चांगला माणूस. त्याच्या बायकोला पण दिवस गेलेत. तिला मी डिंकाची कृती सांगणार हाय.

हे असंच होतं. सांगायचं एक आणि मी डिंकात जाते.

मागच्या पत्रात मी बुधवार लिहिलं. पाकीट चिकटवायच्या आधी परत वाचलं तेव्हा दिसलं. खोडायला पेन्सिल उचलली. मग ठेवली. तू बोटं मोजली असशील. तू पानांच्या कवळ्या माझ्यापेक्षा भरभर मोजायचीस, हे दिवस काय मोठे.

तर मीच मोजून सांगते. तानी झाली बुधवारी, तीस नोव्हेंबरला, सकाळी. मंदा दारात आली शनिवारी. म्हणजे मला सोयर होतं, चौथा दिवस. सोयरात पानमळ्याच्या झापाच्या दाराआत पाय टाकायचा नाय, हे मला कोणी सांगायला नको. मीच एकोणीस वर्षं नव्या बायांना सांगत आले. तुला पण मीच सांगितलं पहिल्या दिवशी, आठवतं? चपला बाहेर, आंघोळ करून यायचं, बाहेरची असलीस तर चार दिवस घरी, घरात कोणी जन्मलं किंवा मेलं तर बारा दिवस घरी. वेल देवी हाय, तिला विटाळ चालत नाय. तू विचारलं होतंस, "काकी, आणि गाय आत आली तर?" मी तुला रागे भरले होते.

मंदाने दारातूनच विचारलं, "झाली का गो सून मोकळी?"

मी म्हटलं, "अजून नाय."

कढईत डिंक फुलतोय आणि मी म्हणते अजून नाय! तिने विचारलं, "मग हे कोणासाठी?" मी म्हटलं, "आधी करून ठेवते, ऐनवेळी धावपळ नको." आणि तिला पटलं. माझं सगळ्यांना पटतं, हीच खोड हाय माझी.

का बोलले? तुला खरं सांगायचं ठरवलंय तर सगळं सांगते. मंदा दारात 'काम अडलंय' म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. वरून मी सुट्टीवर हाय म्हणत होते, आणि आतून वाटत होतं, आता कळलं ना, जमनावाचून अडतं. झाली म्हटलं असतं तर ती उंबऱ्यातूनच मागे फिरली असती. सुलू आली नसती, शेठ तर आमच्या आळीत कधीच आले नसते. चार दिवसांच्या पोरीला मी जन्मलीच नाय म्हटलं, का, तर चार माणसांनी मला बोलवायला यावं म्हणून.

सोमवारी मी झापाबाहेरूनच साखर वाटली. "काल झाली" म्हणून. सगळ्या बाया आनंदल्या. मंदा म्हणाली, "बघ, वेलीची सेवा केलीस, तिने लक्ष्मी दिली." मी हसले. आणि मग मी सोयर पाळलं, रविवारपासून मोजून, सोळा तारखेपर्यंत घरात. खरं चार दिवस आधीच फिटलं होतं. जे नव्हतं ते पाळलं, आणि जे होतं त्यात मळ्यात बसून करंड्या भरल्या.

आता पुढचं. ते लिहायला मला दोन दिवस लागले. मधी तुळशीला पाणी घातलं, तांदूळ निवडले, शेजारणीचेही निवडून दिले.

मी घरात असतानाच खालच्या चार ओळी वाळायला लागल्या. पान पिवळं, मग वेलच आधाराच्या शेवरीवरून खाली लोंबकळलेली, मुळाला हात लावला तर काळा. सतरा तारखेला, शनिवारी मी परत कामावर आले तर शेठ झापाशी उभे, सगळ्यांना ओळीत उभं केलेलं. म्हणाले, "कोणीतरी विटाळ आत आणलाय. आपणहून सांगा."  मग मंदानेच तुझं नाव घेतलं. खालच्या ओळींत तू होतीस, तुझी झोपडी तिकडे, आणि ती म्हणाली, "डोंगरातल्या बायांना कसलं आलंय सोवळं." कोणी नाय म्हटलं नाय. सोपं होतं ना. तू एकटीच तिकडची.

तू म्हणालीस, "मी बाहेरची नव्हती." शेठ म्हणाले, वेलीवर हात ठेवून सांग. तू ठेवलास. तरी कुजबुज थांबेना. मग तू माझ्याकडे वळलीस. "काकी, तुमी सांगा. तुमी सगळ्यांत जुन्या. मी कशी हाय ते तुमी सांगा."

मी करंडीत बघत होते. रिकामी होती करंडी.

मला कोणी विचारलंच नाय, असं मी गेले वीस दिवस मनाला सांगते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारलं होतं. तू विचारलं होतंस. आणि गुडघा दुखत नव्हता.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं. ते शब्द खोडले, वर दिसतोय तो ठिपका त्याचाच. मागायचं तर आधी काही द्यायला हवं.

जमना

ता. ११ जानेवारी १९८४, बुधवार

लाडके,

जिवल्या येऊन गेला. तुझ्या भावाला मी पहिल्यांदा बघितलं, तरी नाक बघूनच ओळखलं. बोईसरच्या बाजाराला आला होता, तिथून चालत आला म्हणे. एवढं चालत! म्हटलं, "बस रे बाबा, पाणी घे." "नको." "चहा?" "नको." "निदान सावलीत तरी ये." तेवढं आला. उभाच होता, तुळशीच्या पलीकडे.

मी विचारलं, "लाडकीने काय सांगितलंय?"

म्हणाला, "तिनी दोन्ही कागद वाचले. गुरुजीला नाय दाखवले, सोता वाचले."

"मग?"

"मंग बोलली, काकी मना कशाला लिहिते? मना तर पयल्यापासून म्हाईत हाय, मी नव्हती ती. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांग."

लाडके, एवढं बरोबर बोलणं मी कोणाकडून ऐकलं नाय. आमच्या गावच्या पंचांकडून नाय, कीर्तनकाराकडून नाय.  मी म्हटलं, "अजून काय बोलली?"

"अजून काय बोलायचं? मळेवाले सगळे एकामेकाला सांगतात. दोन ठिकाणी विचारलं, घेत नाय. बोलतात ती धर्माजीकडली काय? नको. आता ती न् तिचा नवरा भट्टीला जातात. विटांच्या. भिवंडीकडं. मंगळवारी, चोवीसला ट्रक येतो पाड्यावर."

"तिचा हात मातीत घालायचा हात नाय रे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग कोणाचा हाय?"

आणि गेला. मी डबा दिला लाडवांचा, तो ओट्यावर ठेवून गेला. नंतर मांजरीने खाल्ला. बाळंतिणीचे लाडू मांजरीने खाल्ले! एरवी मी आळी डोक्यावर घेतली असती. तानी रविवारी घरी आलीय, सव्वा महिना झाला ना. आता हसते. गॅसने हसते असं दिनानाथ म्हणतो, मेला कारखान्यात काय शिकतो देव जाणे. माझ्याकडे बघून हसते ती गॅसने नाय.

दिनानाथ आत होता, त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "आई, हे काय? कुठली भट्टी, कोण लाडकी?" मग सांगावं लागलं. पहिलं त्याला सांगितलं.  मग म्हणाला, "पण आई, पालघरहून शेतीखात्याचे साहेब येऊन गेले ना? मी ऐकलं. मुळं उपटून बघितली, पाट तुंबलाय, पाणी साचून मुळं कुजली म्हणाले. जमिनीतला रोग. मग ना तुझा दोष ना तिचा. मिटलं. आता कशाला उकरायचं?"

मोठा गोड विचार हाय. मी दुपारभर तो तोंडात घोळवला. साहेब खरंच आले होते. मीच शेडमधून ऐकलं. शेठ त्यांना हो हो म्हणाले, चहा पाजला, आणि साहेब गेल्यावर म्हणाले, "साहेबाला पुस्तक कळतं, वेलीला विटाळ कळतो." पाट मोकळा केला, पण तुला निरोप धाडला नाय. म्हणजे साहेबाने वेलींना सोडवलं, तुला कोणी सोडवलं नाय. वेलीला माझ्या पायाने झालं की पाण्याने झालं, मला कळत नाय. मला अजून वाटतं माझ्या पायाने. एकोणीस वर्षं मानलं ते एका साहेबाने जात नाय. पण समज, पाण्यानेच झालं. तरी तू विचारलंस तेव्हा मी खाली बघितलं ते काय पाट तुंबला म्हणून?

दिनानाथला म्हटलं, "मी सांगणार." तो म्हणाला, "शेठ तुला काढून टाकतील." मी म्हटलं, "टाकू देत." म्हटलं तर खरं, पण लाडके, करंडी भरायची नाय तर मी सकाळी उठून करू काय?

 सून तानीला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, बुधवारी मला आत नेईपर्यंत मी ओरडत होते तेव्हा माझा हात तुमीच धरला होता ना?"

"मीच गो."

"मग तुमी कसं म्हणालात, अजून नाय म्हणून?"

मी उठून मागच्या दारी गेले. तिथं काही काम नव्हतं.

जमना

ता. १७ जानेवारी १९८४, मंगळवार

लाडके,

हे तुझ्या हातात शुक्रवारी तरी पडेल असं पोस्टमनने सांगितलंय. बोईसरला जाऊन टाकतो म्हणाला, इथल्या पेटीत नको.

संक्रांतीला मी ठरवून गेले होते. तिळगूळ घेऊन, नवं लुगडं नेसून, जसं काही हळदीकुंकवालाच. मनात वाक्य पाठ केलेलं. शेठाणीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर काय पडलं? "यंदा गूळ जरा चिकट झालाय." आणि ती पण बसली गुळावर बोलत. अर्धा तास. कोल्हापूरचा चांगला की नवसारीचा. मी घरी आले आणि लुगडं सोडताना स्वतःला दोन शिव्या घातल्या.

काल मंदाला सांगितलं. दुपारच्या सुट्टीत, शेडमागे. आधी मंदाला, कारण खोटं पहिलं तिच्याशीच बोलले होते. सगळं सांगितलं, बुधवार, शनिवार, डिंक. तिने ऐकलं. तिचा चेहरा एकदा पडला, मग तिने पानाचा विडा तोंडात सारला आणि हसली गो! म्हणाली, "गप काकी. मला पण वाटलं होतं तेव्हा, डिंक कशाला म्हणून."

"वाटलं होतं? मग बोलली नायस?"

"करंड्या कोणी भरल्या असत्या? मी? माझ्या करंडीतलं पान स्टेशनपर्यंत पण टिकत नाय."

"आणि लाडकीचं नाव घेतलंस ते?"

आता ती हसायची थांबली. "कोणाचं तरी घ्यावं लागलं असतं," म्हणाली. "शेठ ऐकत नव्हते. तुझं घेतलं असतं तर चाललं असतं का तुला? झालं ते झालं. ती लांबची, ती गेली. आपल्याला इथंच एका पाटावर बसायचंय."

मी म्हटलं, "मंदा, तुला शरम नाय?"

"हाय ना," ती म्हणाली. "तुझ्याएवढीच हाय. तू पण महिनाभर गप्प होतीस."

खरं बोलली. मी तिच्यावर रागावणार होते, जागाच राहिली नाय रागवायला.

तेवढ्यात सुलू आली, आणि मागून दुसऱ्या दोघी. सुलू म्हणाली, "काकी, नात घरी आली आणि आमाला दाखवत नाय! आमी सगळ्या येणार बघायला. मी झबलं शिवलंय." मंदाने माझ्याकडे डोळे मोठे केले, गप्प राहा म्हणून. शेडबाहेर शेठ उभे होते, ते म्हणाले, "मी पण येतो हिला घेऊन. सुरतेचं नाव राखलं त्या दोन दिवसांत, त्या दोन दिवसांचीच नात, नाय का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले बघ, सवयीने.

घरी येऊन सुनेला सांगितलं की सगळी येणार. ती उठली, ट्रंकेतून कागद काढून आणला. दवाखान्याचा, शिक्का असलेला. त्यात लिहिलंय, मुलगी, वजन एवढं, आणि ता. ३०-११-८३, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. म्हणाली, "आई, हा मी पाळण्यात उशाला ठेवू?" मी म्हटलं, "नको. माझ्याकडे दे." तिने जरा संशयाने बघितलं, मी फाडेन की काय म्हणून. बघू दे. तिला हक्क हाय.

मी काय करणार ते सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाय. सगळी बसली, पाणी झालं, तानीला हातात घेऊन झालं की मी हा कागद सुलूच्या हातात देणार. तिची सातवी हाय. मोठ्याने वाच म्हणणार. माझं तोंड ऐनवेळी गुळावर जाईल, त्याचा मला भरवसा नाय. कागद गुळावर जात नाय. तारीख वाचून झाली की मग मला बोलावंच लागेल, कारण शेठ विचारतीलच. मग मी तुझं नाव घेणार, आणि म्हणणार की लाडकी विटाळात आत गेली नव्हती, मी गेले होते, आणि तिने मला विचारलं तेव्हा मी वर बघितलं नाय. आणि शेठना म्हणणार, माझ्या जागी तिला बसवा, तिचा हात चालतो. ऐकतील की नाय मला ठाऊक नाय. नाय ऐकलं तर बाकीच्या मळेवाल्यांकडे मी स्वतः जाईन, एकेकाच्या झापाशी उभी राहून सांगेन. आत जाणार नाय, बाहेरूनच.

मंदा माझ्याशी बोलायची नाय त्यानंतर. एकोणीस वर्षं आमी एका डब्यातलं खाल्लं.

तू ट्रकमधी चढू नको असं मी म्हणत नाय. कोणत्या तोंडाने म्हणू? तुझा तू विचार कर. जिवल्याला मात्र सोमवारी सकाळी बोईसरला, स्टँडवर धाड. काय झालं ते मी त्याला सांगायला उभी असेन. काही झालं नसेल तरी उभी असेन, तेही सांगेन.

तानीने आता माझं बोट धरलंय, म्हणून अक्षर असं वाकडं. सोडत नाय. लिहू दे गो बाय म्हटलं तर आणखी घट्ट.

ती सगळी रविवारी येतो म्हणालीत, बावीस तारखेला, जेवणं आटपून.

जमना